अर्धं गाणं अक्काचं

मामाचं सांगलीत कॅसेटचं दुकान होतं. ऐंशीच्या दशकात आणि नव्वदचं दशक सरेपर्यंत तयार कॅसेट विकण्यापेक्षा कॅसेट भरून देणं हाच त्याचा खरा धंदा. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी घेऊन यायचं, कोरी साठाची किंवा नव्वदाची कॅसेट घ्यायचं आणि "शनिवारी नेतो" म्हणून जायचं. साठाच्या कॅसेटला एका बाजूला 30 मिनिटं. तबकडीवरून गाणी भरायची तर घाई चालत नाही. गाणं जेवढं लांब तेवढा वेळ बसून राहायचं. रेकॉर्डचं बटण पॉजसकट दाबून ठेवायचं, सुई गाण्याच्या सुरुवातीला टेकली की पॉज सोडायचा. बाजू संपत आली आणि शेवटचं गाणं बसेना, तर दुसऱ्या कडव्यानंतर हळूहळू आवाज कमी करत ते मिटवायचं. मामा सांगतो, पुढे कधीतरी तेच गाणं पूर्ण ऐकलं की काही गिऱ्हाइकं चकित व्हायची. त्यांच्या लेखी ते गाणं तिथेच संपत होतं. सगळं भरून झालं की कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची बारीक पट्टी मोडायची, म्हणजे चुकून कुणी त्यावर दुसरं काही रेकॉर्ड करत नाही.

अर्ध्या सांगलीच्या आवडीनिवडी अशा त्याच्या कानावरून गेल्या. मी पुण्यात वृद्धांच्या एका डे-केअर केंद्रात काम करते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक आजी-आजोबांना डिमेन्शिया आहे आणि रोज सकाळचा पहिला तास गाण्यांचा असतो. म्हणजे आम्ही दोघंही दुसऱ्यांच्या आवडत्या गाण्यांत वावरलेली माणसं. तरीही गाणं आणि आठवण यांच्या नात्याबद्दल आमचं कधी पटलेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात सांगलीला त्याच्या घरी हा वाद एकदा नीट, शेवटपर्यंत झाला.

मी विचारलं होतं, "मामा, माणसं यादी द्यायची ती गाणं चांगलं म्हणून, की त्या गाण्याशी त्यांचं काही जोडलेलं असायचं म्हणून?"

"जोडलेलं असायचं तेच जास्त. न विचारता सांगायचे लोक," मामा म्हणाला. "पण म्हणून मी त्याचं कौतुक करावं असं नाही. एकाच आठवड्यात तेच गाणं दोघातिघांच्या यादीत यायचं. एकाला साखरपुड्यात भेट द्यायचं असायचं, एकीची बहीण लग्न होऊन लांब गेलेली असायची, एकाचे वडील वारलेले. प्रत्येक जण मला पटवून द्यायचा की हे गाणं म्हणजे त्याचंच. गाणं एक आणि अर्थ तीन, म्हणजे तो अर्थ गाण्यात नव्हताच ना? गाणं म्हणजे काय खुंटी आहे, आल्यागेल्यानं आपली पिशवी टांगायला?"

"टांगली तर बिघडलं कुठे?"

"बिघडतं ते हे, की मग गाणं ऐकूच येत नाही. चाल कुठून उठते, कुठे वळते, कवीनं नेमका कुठला शब्द समेवर ठेवलाय, गायकानं श्वास कुठे घेतलाय, यातलं काही कुणाच्या कानात शिरत नाही. सुरावट सुरू झाली की माणूस लगेच स्वतःच्या लग्नात, नाहीतर कॉलेजच्या कट्ट्यावर. गाणं बिचारं एकटंच वाजत राहतं. त्यापेक्षा आकाशवाणीवरचं 'आपली आवड' मला बरं वाटायचं. गाण्याआधी नावं वाचायचे. तासगाव, विटा, जत, मंगळवेढा. कुणाला का हवंय ते कुणी सांगायचं नाही. नुसती नावं, मग गाणं. सगळ्यांचं मिळून एक."

मामाच्या या बोलण्यात कोरडेपणा नाही, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. इतकी वर्षं रोज सुईखालून गाणी काढणाऱ्या माणसाला गाण्याची बाजू घ्यावीशी वाटते, आणि गाण्याची बाजू घेणारं कुणी असावंच लागतं. पण मला जे रोज दिसतं ते वेगळं आहे.

"गाणं केव्हाही चिकटत नाही, मामा," मी म्हटलं. "आमच्याकडे कुणालाही त्यांची गाणी विचारली की बहुतेक वेळा पंधरा ते पंचविशीतली निघतात. उतारवयात मागे पाहिलं की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी बाकीच्या आयुष्यापेक्षा दाट असतात, हे मानसशास्त्रात पुन्हा पुन्हा दिसलंय. त्या वयात सगळं पहिलं असतं. पहिली नोकरी, पहिल्यांदा गाव सोडणं, लग्न, पहिलं मूल. आयुष्य कूस बदलतं तेव्हा मन जास्त जागं असतं, आणि नेमकं तेव्हा जे रोज कानावर पडतं ते आत उतरतं."

"रोज कानावर पडतं," मामानं तेवढाच शब्द धरला. "पण रोज तेच का पडायचं, याचा विचार केलास? 1952 मध्ये केसकर माहिती खात्याचे मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोक रेडिओ सिलोनकडे गेले. अमीन सयानींची बिनाका गीतमाला त्याच सुमाराची, बुधवारी रात्री आठला. मग 1957 च्या ऑक्टोबरात विविध भारती आली. घरात असला तर एक रेडिओ, त्यावर दोन-तीन केंद्रं, केंद्रांकडे ठरावीक तबकड्या. तीच गाणी फिरून फिरून. आता एका पिढीला तीच गाणी आठवतात यात मनाचं कर्तृत्व ते काय? ते वेळापत्रकाचं आहे."

"गीतरामायणाचंही तसंच म्हणशील?"

"गीतरामायणाचं तर नक्कीच म्हणेन. 1955 ची रामनवमी. आम्ही तेव्हा पुण्याला, खडकीत. वडील दारूगोळा कारखान्यात होते. पुणे केंद्रावर सुरू झालं. माडगूळकर आठवड्याला एक गीत द्यायचे, बाबूजी चाल बांधायचे, असं वर्षभर, 56 गीतं. मी पुरता तीन वर्षांचाही नव्हतो, मला काही आठवत नाही. पण अक्काला, तुझ्या आईला, आठवतं. आमची आई तिला घेऊन शेजारच्यांच्या ओसरीवर जायची. रेडिओला हार घातलेला, उदबत्ती लावलेली. एका वेळी, एका ठिकाणी सगळा वाडा ऐकतोय. त्या बायकांना ते जन्मभर आठवलं त्याचं कारण काव्य आणि चाल हे आहेच, पण आठवडाभर वाट पाहणं हेही आहे."

हे मला पटतं. टंचाईनं गाण्यांना वजन दिलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. हव्या त्या क्षणी हवं ते गाणं हाताशी असलेल्या मुलांना वाट पाहण्याचा तो भाग मिळत नाही. पण मामा जिथे थांबतो तिथे मला थांबता येत नाही. मी म्हटलं, "वेळापत्रकानं गाणं दिलं, कबूल. त्या ओसरीवरच्या प्रत्येक बाईनं त्यातून काय उचललं, ते वेळापत्रकानं नाही ठरवलं. जिची लेक नुकतीच सासरी गेली होती तिनं सीतेचं स्वयंवर उचललं असेल."

मग मी त्याला पेत्र जनाटा यांच्या कामाबद्दल सांगितलं. हे कॅलिफोर्नियातले संशोधक. त्यांनी विद्यार्थ्यांना त्यांच्या लहानपणापासूनची गाजलेली गाणी अर्धं अर्धं मिनिट ऐकवली आणि प्रत्येकानंतर विचारलं, यावरून तुमच्या आयुष्यातलं काही आठवलं का? सरासरी 30 टक्के गाण्यांना उत्तर 'हो' आलं. नंतर 2009 मध्ये त्यांनी मेंदूच्या स्कॅनमध्ये दाखवलं, की कपाळाच्या मागे, मेंदूच्या पुढच्या मधल्या भागात ओळखीच्या गाण्याचा माग आणि त्याच्याशी जोडलेली आठवण यांची गाठ पडते.

मामानं लक्ष देऊन ऐकलं. "30 टक्के. म्हणजे उरलेली 70 टक्के गाणी नुसती गाणीच राहिली. मी त्या सत्तरांच्या बाजूचा."

"आणि आईचं गाणं? ते कुठल्या टक्क्यांत?"

खरा वाद इथून सुरू झाला. आईची पंचाहत्तरी तोंडावर आली होती. घरच्या घरी गाण्यांची बैठक ठरली होती आणि यादी मामा करत होता. त्या यादीत त्यानं 'शुक्रतारा' घातलं होतं आणि ते काढावं असं माझं म्हणणं होतं. मंगेश पाडगावकरांचं गीत, श्रीनिवास खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज. साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून मराठी घरांत ते मुरलेलं आहे. आमच्या घरात ते आई-बाबांचं होतं. बाबा बँकेत होते, गाणं शिकलेले नव्हते, पण सुरात गायचे. कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असताना कुणीतरी आग्रह करायचं आणि ते दोघं हेच गायचे. बाबा दाते, आई सुधा मल्होत्रा. बाबा गेल्यापासून आईनं ते गायलेलं नाही. कुठे लागलं तर ती उठून दुसऱ्या खोलीत जाते. बोलत काही नाही.

आणि इथे आम्हा दोघांच्या बाजूंची अदलाबदल झाली. गाणं आणि आठवण वेगळी ठेवा म्हणणारा मामा ते गाणं बैठकीत हवं म्हणत होता. गाण्यात आयुष्य साठतं म्हणणारी मी ते वगळा म्हणत होते.

"युगुलगीत आहे ते," मामा म्हणाला. "अर्धं गाणं अक्काचं आहे. दाजी गेले, त्यांचं अर्धं गेलं. म्हणून तिनं तिचंही अर्धं टाकून द्यायचं? बाईच्या वाट्याला नवरा गेल्यावर आधीच काय कमी सोडायचं येतं? कुंकू, रंग, हळदीकुंकवाची बोलावणी. त्यात आता गाणंही घालायचं?"

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. तरी मी म्हटलं, "तिला कुणी सोडायला लावलेलं नाही. तिला त्रास होतो. ते गाणं लागलं की ती कोजागिरीच्या गच्चीवर जाते आणि शेजारी कुणी नसतं."

"तेच तर सांगतोय. तू गाण्याला त्या गच्चीवर डांबून ठेवलंयस. अरुण दाते स्वतः हे गाणं कार्यक्रमांतून वर्षानुवर्षं किती निरनिराळ्या गायिकांबरोबर गायले. दर वेळी समोर नवा आवाज. गाणं मोडलं का? उलट टिकलं ते त्यामुळेच."

मामा उठला आणि कपाटातून एक कॅसेट घेऊन आला. बाबांच्या यादीवरून त्यानंच कधीतरी भरलेली. कार्डावर बाबांचं अक्षर, निळी शाई थोडी फुटलेली. त्याच्याकडे अजून चालणारा डेक आहे. त्यानं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, फीत पेन्सिलीनं थोडी ताणून घेतली आणि म्हणाला, "आवाज मोठा करतो. गाण्याआधीचं ऐक."

गाणं सुरू व्हायच्या आधीच्या सरसरीत तेच गाणं ऐकू आलं. अगदी बारीक, आणि क्षणभर आधी. मामानं समजावलं: फीत वेटोळ्यावर वेटोळं अशी गुंडाळलेली असते. ती वर्षानुवर्षं पडून राहिली की एका वेटोळ्यावरचं चुंबकत्व थोडंसं शेजारच्या वेटोळ्यावर उतरतं. त्यामुळे पुढे येणाऱ्या सुरांची चाहूल आधीच्या शांततेत लागते. मोबाइलवर जे ऐकतो त्यात हे नसतं. मला ते ऐकताक्षणी आमचं जुनं घर आठवलं, कारण लहानपणी मी हीच कॅसेट ऐकायचे. गाण्याआधीचा तो पुसट आवाज मला गाण्याचाच भाग वाटायचा.

"बघ," मी म्हटलं, "मला जे आठवलं ते पाडगावकरांच्या शब्दांनी नाही, खळ्यांच्या चालीनं नाही. फितीच्या दोषानं आठवलं. आठवण गुणवत्ता बघत नाही. म्हणून तर ती अडवता येत नाही आणि शिकवताही येत नाही. आईला तू सांगणार का, की आता जरा चालीकडे लक्ष दे?"

"सांगणार नाही. पण तिच्या वतीनं गाणं काढूनही टाकणार नाही."

मग बोलणं माझ्या केंद्राकडे वळलं. आमच्याकडे एक आजी येतात. मुलगी रोज सोडायला येते, तिचं नाव त्यांना लागत नाही. पण एखादं जुनं भावगीत सुरू केलं की त्या पहिल्या शब्दाला मान वर करतात, खुर्चीच्या दांड्यावर बोटांनी ताल धरतात आणि पूर्ण अंतरा म्हणतात, एक अक्षर न चुकता. 2015 मध्ये लाइपझिगच्या संशोधकांनी यामागचं एक कारण पुढे आणलं. खूप वर्षं ओळखीचं असलेलं संगीत मेंदूच्या ज्या भागांत सांभाळलं जातं, त्यांतले काही हालचालींची आखणी करणाऱ्या भागात मोडतात, आणि अल्झायमरमध्ये त्यांची झीज बाकीच्या मानानं फार कमी होते.

"त्या आजींना गाणं येतं," मामानं सावकाश विचारलं. "पण त्याच्याबरोबर आठवण येते का? ते गाणं कुठे ऐकलं, कुणाबरोबर गायलं, हे सांगतात त्या?"

"नाही. बहुतेक वेळा नाही."

"मग तुझ्याच उदाहरणात गाणं आणि आठवण सुटी झाली की. आठवण गेली, गाणं राहिलं. गळ्याला वळण पडलं होतं ते उरलं."

मी हे बरेचदा स्वतःशी घोळवलेलं आहे. त्या आजींना त्यांचं लग्न आठवत नाही, हे खरं. पण गाणं म्हणताना त्यांचा चेहरा ज्या तऱ्हेनं उजळतो, आणि गाणं संपल्यावर त्या ज्या ओळखीनं माझ्याकडे बघतात, ती तऱ्हा नुसत्या वळणाची नाही. प्रसंग गेला असेल. त्या प्रसंगाचा भाव गाण्यात शिल्लक आहे असं मला वाटतं. मुलगी संध्याकाळी न्यायला आली की आम्ही तिला सांगतो, आज हे गाणं म्हणाल्या. ती घरी जाताना गाडीत त्यांच्याबरोबर तेच म्हणते. नाव लागत नाही, पण दोघी एका तालात असतात. त्या दोघींना त्या वेळी याहून अधिक काही हवं असतं असं मला दिसत नाही. मी मामाला एवढंच म्हटलं, "राहिलेलं गाणं कुणाबरोबर तरी गाता येतं, मामा. त्याची किंमत कमी समजू नकोस." त्यानं मान डोलावली.

त्यानंतर तो आजीबद्दल बोलायला लागला. माझी आजी, त्याची आई. तिचं जातं सांगलीच्या घराच्या मागच्या पडवीत होतं. गिरणी झाली तरी डाळी भरडायला ती जात्यावर बसायची, आणि बसली की ओव्या सुरू. मुद्दाम म्हणून दाखव म्हटलं तर तिला आठवायच्या नाहीत. खुंटा हातात आला की आठवायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, भाऊ, लेकी, विठोबा, सीता, आंबेडकर, काही सुटलं नाही त्यांतून.

मला हा मुद्दा सापडल्यासारखा झाला. "मग बघ ना. ओवीत जागाच ठेवलेली असते. भावाचं नाव घालायची, आपल्या गावाचं नाव घालायची. चाल सगळ्यांची, सांगाडा सगळ्यांचा, आतलं माणूस तुझं. पाळण्यात बाळाचं नाव येतं. मंगलाष्टकं घरचंच कुणीतरी शार्दूलविक्रीडितात रचतं आणि त्यात दोन्ही घरची माणसं ओवतं. आपल्याकडे गाण्यात स्वतःचं आयुष्य घालणं हा ऐकण्याचा दोष कधी नव्हता. गाणं बनायचंच त्यासाठी. तबकडी आली, शब्द पक्के झाले, नाव घालायची जागा बुजली. मग लोकांनी काय केलं? शब्दांत नाही घालता येत तर ऐकण्यात घातलं. तुझ्या दुकानात याद्या घेऊन येणारी माणसं तेच करत होती. सगळ्यांची चाल आणि त्यात आपलं एक नाव."

मामा बराच वेळ कॅसेटचं कार्ड उलटंसुलटं करत होता. मग म्हणाला, "हे बरोबर आहे. पण अर्धंच सांगितलंस. आईच्या ओवीत आधी भाऊ यायचा. मग आम्ही झालो, आम्ही आलो. मग तू झालीस, तुझं नाव आलं. मी ऐकलंय ते. तिचे सासरे वारले त्या वर्षीही ती दळत होतीच, त्या ओव्या वेगळ्या होत्या. ओवीत माणसं बदलत राहायची. तुमच्या गाण्यात तसं होत नाही. एकदा जे माणूस घातलं ते घातलं. दाजी त्या गच्चीवर आहेत ते तिथेच, पस्तिशीचेच. त्यानंतरची अक्काची इतकी वर्षं त्या गाण्यात कुठेच नाहीत."

हे त्या दुपारचं सगळ्यात खरं वाक्य होतं, आणि ते माझ्या बाजूचंच आहे असं मी मानते. गाण्यात आयुष्य साठतं असं म्हणायचं तर सगळं आयुष्य साठू द्यायला हवं. आपल्याला प्रिय असलेलं एक वर्ष त्यात कोंडायचं आणि बाकीच्या वर्षांना दार लावायचं, हे आठवणीवर प्रेम करणं नव्हे. मी म्हटलं, "मग माझं म्हणणं ऐक. कॅसेट लावायची नाही. ध्वनिमुद्रण लावलं की ती गच्ची जशीच्या तशी येणार. गायचं असेल तर कुणीतरी समोर बसून गायचं. आईला वाटलं तर आईनं गायचं."

आता मामा कचरला. त्याला ते मूळ मुद्रण प्राणप्रिय आहे. "सुधा मल्होत्रांनी ज्या अलगदपणे सूर लावलाय..." असं म्हणून तो थांबला. घरच्या बैठकीत, पेटीवर, कच्च्या गळ्यांनी ते गाणं म्हणायचं हे त्याला सोसवत नव्हतं. मला त्याचा राग आला नाही. कुणीतरी गाण्याला इतकं जपावं, हेही चांगलंच.

"पुरुषाचं कोण गाणार?" त्यानं शेवटी विचारलं.

माझी लेक सोळा वर्षांची आहे आणि तिला ते पूर्ण पाठ आहे, दोन्ही बाजूंनी. मी गाडीत लावते म्हणून. तिच्यासाठी ते गाणं म्हणजे खंबाटकीचा घाट आणि सांगलीला येणारा रस्ता. आजोबांना तिनं पाहिलेलंही नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या एका अभ्यासात विशीतल्या मुलांना 1955 ते 2009 पर्यंतची गाजलेली गाणी ऐकवली तेव्हा आढळलं, की त्यांच्या स्वतःच्या काळातल्या गाण्यांखेरीज आईवडिलांच्या तरुणपणातल्या गाण्यांशीही त्यांच्या आठवणी घट्ट जोडलेल्या आहेत, आणि थोड्या कमी प्रमाणात त्याही आधीच्या, साठच्या दशकातल्या गाण्यांशी. 2013 चा तो अभ्यास. घरात वाजणारं गाणं मुलांत असं झिरपतं. लेकीनं दात्यांचं कडवं म्हणावं असं मी सुचवलं. मामा म्हणाला, "ते अक्काला ठरवू दे. आणि एक कर, गाणं लावून विचारू नकोस. कागदावर यादी दे आणि पेन दे. गाणं कानावर पडलं की माणूस खरं उत्तर देत नाही, तेव्हा जे वाटेल ते देतो."

त्यानं यादी स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढली. गाण्याचं नाव, पुढे कवी, पुढे संगीतकार, त्याच्या दुकानाच्या शिस्तीप्रमाणे. पुण्याला आल्यावर मी ती आईसमोर ठेवली आणि म्हटलं, नको असेल ते खोड. तिनं चष्मा लावून सगळी वाचली. 'शुक्रतारा'वर पेन थांबलं नाही. त्याच्या खाली तीन गाणी सोडून एक गाणं होतं, जुन्या चित्रपटातलं, ठसकेबाज, वरातीत बँडवाले हमखास वाजवतात तसं. ते तिनं खोडलं, एकदा नाही, दोन रेघा मारून.

मी मामाला फोन केला.

"ते?" मामा म्हणाला. "ते तर मी प्रत्येक लग्नाच्या कॅसेटमध्ये भरलंय. त्याचं काय झालं अक्काला?"

"नाही विचारलं मी."

"बरं केलंस. आणि शुक्रतारा?"

"राहू दे म्हणाली. पण काळी चार आता झेपायची नाही, पट्टी उतरवा म्हणते."

"मग तबलजीला आजच सांगतो," मामा म्हणाला. "त्या पट्टीचा तबला त्याला वेगळा आणावा लागेल."